इन्शुरन्स कार्ड आणि पुलास्की रोडवरचं दार

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि ब्राउन लाइनमध्ये वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर शिकागोच्या बजेटवरून वाद झाला. (शिकागोतल्या मराठी लोकांचे असे एकूण किती ग्रुप आहेत ते बाप्पालाच ठाऊक.) शहराने मानसिक आरोग्याची मोफत क्लिनिकं चालवावीत का, असा विषय होता. एकाने लिहिलं, "आपण टॅक्स भरायचा, आपल्याकडे इन्शुरन्स आहे, ही क्लिनिकं आपल्या काय कामाची? ती साउथ साइडच्या लोकांसाठी." त्याला पटापट अठरा अंगठे पडले. लिहिणारा माणूस वाईट नाही, उलट कुणाच्याही मदतीला धावणारा आहे. अंगठे देणारेही आपलेच. मी तिथे गप्प बसले, पण दोन दिवस पोळ्या लाटताना ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितेय.

आधीच सांगते, यात माझ्या नवऱ्याची गोष्ट आहे. त्याला वाचायला देऊन मगच टाकतेय. त्याने दोन वाक्यं काढायला लावली आणि एक घालायला लावलं.

२०२३ च्या फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली. त्या वर्षी कितीजणांच्या गेल्या ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांची मीटिंग, दहाला लॅपटॉप बंद. एच-वन-बीवर असलेल्यांना पुढचं गणित पाठ असतं. साठ दिवसांत दुसरी नोकरी धरायची, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा. आम्ही इथे २०१० पासून. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे ते सांगायला नको. तेरा वर्षं राहून, टॅक्स भरून, मुलगा सहावीत जाऊनसुद्धा आमचं इथलं राहणं एका ईमेलवर टांगलेलं होतं. माझं काम करायचं कार्ड एच-फोरचं, म्हणजे त्याचा व्हिसा गेला की माझंही कामाचं कार्ड गेलं. आणि इन्शुरन्स? महिनाअखेरपर्यंत.

पहिले दहा दिवस तो चांगला होता. फारच चांगला. एक्सेल शीट, रोज वीस अर्ज, लिंक्डइन. मग झोप गेली. रात्री दोनला उठून हॉलमध्ये येरझाऱ्या. जेवताना घास हातात धरून बसायचा. अकराव्या की बाराव्या रात्री छातीत धडधडायला लागलं, घाम फुटला, "मला काहीतरी होतंय" म्हणाला. आम्ही इमर्जन्सीत गेलो. रक्त, ईसीजी, सगळं झालं. पहाटे एक तरुण डॉक्टर येऊन म्हणाला, हृदय उत्तम आहे, हा पॅनिक अटॅक होता, कुणालातरी दाखवा. हातात एक झेरॉक्स दिली. त्या झेरॉक्सचं बिल पुढे तेवीसशे डॉलर आलं, कारण डिडक्टिबल अजून भरायचं होतं.

"कुणालातरी दाखवा." हे कुणीतरी कुठे असतं, हे शोधण्यात माझे पुढचे नऊ दिवस गेले.

इन्शुरन्स कंपनीच्या वेबसाइटवर यादी होती. आमच्या झिप कोडपासून दहा मैलांत पाने भरून थेरपिस्ट. वाटलं, चला, शिकागोसारख्या शहरात काय कमी! मी वही घेऊन बसले. पहिला नंबर बंद. दुसरीने दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिस सोडलेली. तिसरीकडे नवे पेशंट घेत नव्हते. चौथा नंबर दातांच्या दवाखान्याचा निघाला (हसू नका, त्या बाईंनी मला अतिशय प्रेमाने "गुड लक, हनी" म्हटलं). पाचवी फक्त लहान मुलांना बघणारी. सहाव्याने हा इन्शुरन्स कधीच घेतला नव्हता, त्याचं नाव यादीत कसं आलं हे त्यालाच कळेना. एकोणीस फोन केले. दोघांनी उलट फोन केला. एकीकडे सात आठवड्यांनी जागा होती, दुसरी लगेच बघायला तयार होती, पण रोख, एका तासाचे १९० डॉलर. पगार बंद झालेल्या घरात १९० डॉलरला काय वजन असतं ते वेगळं सांगत नाही.

या भुताटकीच्या याद्यांना इथे नावही आहे, "घोस्ट नेटवर्क" म्हणतात. २००८ पासून या देशात कायदा आहे की इन्शुरन्स कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं, त्याला जास्त कडक अटी लावायच्या नाहीत. कागदावर उत्तम. पण थेरपिस्टला कंपनी पैसे इतके कमी देते आणि कागदपत्रं इतकी मागते, की बरेचजण इन्शुरन्स घेणंच सोडून देतात आणि रोख पेशंट बघतात. यादी मात्र तशीच राहते, कारण यादीच्या लांबीवर कंपनीचं पॉलिसी विकणं अवलंबून. म्हणजे ग्रुपवरचं "आपल्याकडे इन्शुरन्स आहे" हे वाक्य घ्या आणि त्यातल्या "आहे" या शब्दापाशी थांबा. कार्ड आहे. उपचार आहेत का, ते फोन फिरवल्यावर कळतं.

शिवाय महिना संपला आणि कार्डही गेलं. कोब्राखाली तेच कव्हर चालू ठेवायचं तर तिघांचे महिन्याला एकोणीसशे डॉलर. मार्केटप्लेसमधून घेता आलं असतं, पुढे घेतलंही, पण त्याला वेळ लागतो, आणि नव्या प्लॅनची नवी यादी, नवे एकोणीस फोन. मला त्या वेळी कळलेली गोष्ट ही. या देशात आपल्यासारख्यांचा इन्शुरन्स नोकरीला बांधलेला आहे, आणि माणसाचं मन ढासळायची सगळ्यात मोठी शक्यता नोकरी जाते तेव्हाच असते. छत्री आहे, पण पाऊस आला की परत करायची.

एक रात्र फार वाईट गेली. तपशील त्यानेच काढायला लावलेत, त्यामुळे एवढंच म्हणते की मी हातात फोन घेऊन बाथरूममध्ये उभी होते आणि ९११ फिरवावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. का? कारण मला २०१५ च्या नाताळानंतरची बातमी आठवत होती. वेस्ट साइडला एकोणीस वर्षांचा कॉलेजात जाणारा मुलगा, मनाच्या तोल गेलेल्या अवस्थेत, त्याने स्वतःच ९११ ला फोन केले होते. पोलीस आले आणि गोळ्या झाडल्या. तो गेला आणि खाली दार उघडायला आलेली शेजारीण, पंचावन्न वर्षांची, तीही गेली. ही बातमी पाहिली तेव्हा मी "काय हे शहर" म्हणून कुकर लावायला उठले होते. सात वर्षांनी ती बातमी माझ्या बाथरूममध्ये आली. तुम्ही म्हणाल, आपल्या घरी असं झालं नसतं. नसतंही. पण घाबरलेला, हातवारे करणारा, इंग्रजी विसरून मराठीत ओरडणारा पाच फूट अकरा इंचांचा सावळा माणूस पोलिसाला कसा दिसला असता, याची परीक्षा मला घ्यायची नव्हती.

तेव्हा मी ९८८ फिरवला. हा नंबर २०२२ च्या जुलैपासून देशभर चालू आहे, मनाच्या आणीबाणीसाठी. पलीकडे एक शांत आवाजाची बाई होती. चाळीस मिनिटं ती बोलली, आधी माझ्याशी, मग त्याच्याशी. कुणी पोलीस आले नाहीत. सकाळ झाली.

आता पुलास्की रोड. आम्ही अल्बनी पार्कमध्ये राहतो. मुलाच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत लक्ष ठेवायला माझ्याबरोबर एक ग्वाटेमालाची बाई असते. माझे डोळे सुजलेले बघून तिने विचारलं, मी अर्धवट सांगितलं. ती म्हणाली, पुलास्कीवर शहराचं सेंटर आहे, माझी बहीण जाते, पैसे घेत नाहीत, कागद मागत नाहीत. मला खरं वाटेना. अमेरिकेत पैसे घेत नाहीत?

नॉर्थ रिव्हर मेंटल हेल्थ सेंटर. शिकागो शहराच्या आरोग्य खात्याचं. झाडांच्या मोठ्या आवारात आहे, नॉर्थ पार्क व्हिलेज म्हणतात त्याला. काउंटरवरच्या बाईने नाव विचारलं, शिकागोत राहता ना विचारलं, काय होतंय ते विचारलं. व्हिसा विचारला नाही. इन्शुरन्स नाही म्हटल्यावर "दॅट्स ओके" म्हणाली. मी परत विचारलं, बिल किती येईल? ती म्हणाली, येणार नाही. नऊ दिवसांनी पहिली भेट, मग दर गुरुवारी. नवऱ्याला नोकरी एक्कावन्नाव्या दिवशी लागली. गुरुवार मात्र पुढे सात महिने चालू राहिले. (घालायला लावलेलं वाक्य हे: "नोकरी लागली म्हणून मी बरा झालो असं कुणी समजू नये, नोकरी लागल्यावर मला जास्त रडू आलं.")

त्या आवाराची गोष्ट मला नंतर कळली. ती जागा म्हणजे पूर्वीचं शहराचं क्षयरोग्यांचं रुग्णालय, १९१५ साली उघडलेलं. आपल्या औंधच्या छातीच्या दवाखान्यासारखं, मोकळ्या हवेत, गावाबाहेर. शहराने त्यासाठी खास कर लावला होता. टीबी झोपडपट्टीतून बंगल्यात येतो हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे "तो त्यांचा आजार" म्हणायची सोय नव्हती.

आता त्या अठरा अंगठ्यांसाठी थोडा इतिहास, कारण तो मलाही माहीत नव्हता. १९८० च्या दशकात शिकागो शहराची अशी एकोणीस क्लिनिकं होती. २०१२ पर्यंत बारा उरली. त्या वर्षी महापौर राम इमॅन्युएल यांनी त्यातली सहा एका फटक्यात बंद केली. वाचणार होते वर्षाला दोन-तीन मिलियन डॉलर. ज्या शहराचं बजेट बिलियनमध्ये आहे तिथे ही रक्कम म्हणजे ताटाबाहेर सांडलेली शितं. वुडलॉनच्या क्लिनिकमध्ये एप्रिलमध्ये पेशंट आणि त्यांचे साथीदार आतून दारं लावून बसले, की आम्ही निघणार नाही. पोलिसांनी रात्री दारं फोडून त्यांना अटक केली. मनाच्या आजारावर उपचार मागणाऱ्या माणसांना.

बंद झालेल्या सहांमध्ये एक रॉजर्स पार्कचं होतं, हॉवर्ड स्ट्रीटवर. आम्ही तेव्हा डेव्हनजवळ भाड्याने राहत होतो. डेव्हनवर भाजी घ्यायला, पटेल ब्रदर्समध्ये कढीपत्ता शोधायला येणारे आपण सगळे त्या दवाखान्यापासून बसने काही मिनिटांवर होतो. ते बंद झाल्याचं मी टीव्हीवर पाहिलं आणि चॅनल बदललं. खोटं कशाला सांगू.

त्याच २०१२ च्या उन्हाळ्यात राज्य सरकारने टिनली पार्कचं मनोरुग्णालयही बंद केलं. पुढे २०१५ ते २०१७ इलिनॉयमध्ये राज्याचं बजेटच मंजूर झालं नाही, आणि ज्या संस्थांच्या भरवशावर शहराने क्लिनिकं बंद केली होती त्यांचेच पैसे अडकले. पेशंट गेले कुठे? काही दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेले, काही कुठेच गेले नाहीत, आणि काही ट्वेंटी-सिक्स्थ अँड कॅलिफोर्नियाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा पत्ता म्हणजे कुक काउंटीचा तुरुंग. तिथले शेरीफ टॉम डार्ट गेली कित्येक वर्षं सांगताहेत की आपल्या कैद्यांपैकी साधारण एक तृतीयांश मनाने आजारी आहेत आणि हा तुरुंग देशातल्या सगळ्यात मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक झालाय. २०१५ साली त्यांनी तुरुंगाच्या प्रमुखपदी डॉ. नेका जोन्स टापिया या मानसशास्त्रज्ञ बाईंना नेमलं. मला हे वाचून कौतुक वाटलं आणि लाजही वाटली. तुरुंग चालवायला मानसशास्त्रज्ञ लागतो, इतके आपण दवाखाने बंद केले. आणि तुरुंगात एक माणूस ठेवायचा खर्च क्लिनिकमधल्या गुरुवारच्या तासापेक्षा कितीतरी जास्त, आणि तो तुमच्या-माझ्याच करातून जातो. "टॅक्स कशाला" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा.

दुसरी बाजू सांगते, कारण ती आहे. इमॅन्युएल यांच्या लोकांचं म्हणणं होतं की शहराच्या क्लिनिकांना मानसोपचार डॉक्टर मिळत नाहीत, पेशंट कमी येतात, आणि ओबामाकेअर आल्यावर लोकांकडे विमा असेल, मग खासगी आणि सेवाभावी संस्था हे काम चांगलं करतील. डॉक्टर मिळत नव्हते हे खरं होतं. पुढे लोरी लाइटफूट निवडणुकीत क्लिनिकं उघडण्याच्या बाजूने बोलल्या, निवडून आल्यावर मात्र त्यांनीही संस्थांना पैसे देण्याचाच रस्ता धरला. त्यातून बऱ्याच नव्या वस्त्यांमध्ये सेवा पोचल्या हे मान्य करायला हवं. मी संस्थांच्या विरोधात अजिबात नाही. पण संस्था अनुदानावर चालते, अनुदान संपलं की कार्यक्रम संपतो, आणि पेशंट नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत बसतो. शहराचं दार हे शहराचं दार असतं. त्यावर नगरसेवकाला जाब विचारता येतो. आणि पेशंट कमी का येतात? मी तेरा वर्षं या शहरात राहून मला ते दार माहीत नव्हतं. दुकान उघडून पाटी लावायची नाही आणि मग गिऱ्हाईक नाही म्हणायचं.

ब्रँडन जॉन्सन २०२३ मध्ये महापौर झाले. त्यांनी स्वतःच्या भावाबद्दल जाहीरपणे सांगितलंय, मनाचा आजार, व्यसन, डोक्यावर छप्पर नसताना आलेलं मरण. बाकी गोष्टींत त्यांच्याशी माझं पटत नाही (शाळांच्या कर्जाचा विषय काढला तर अजून एक पोस्ट होईल), पण या बाबतीत त्यांनी बोललेलं काही प्रमाणात केलं. रोझलँडचं क्लिनिक परत उघडलं, पिल्सनमध्ये आणि वेस्ट साइडच्या लेग्लर लायब्ररीत नव्याने सेवा सुरू झाली. मनाच्या आणीबाणीला पोलिसांऐवजी समुपदेशक आणि मदतनीस पाठवणारी 'केअर' नावाची पथकं २०२१ पासून होती, त्यांतून २०२४ मध्ये पोलीस बाजूला काढले. पण ही पथकं शहराच्या काही भागांतच, आणि कामाच्या दिवशी दिवसाउजेडीच फिरतात. माझ्या नवऱ्याचा जीव रात्री दोनला घाबरला होता. राज्याचा कायदाही २०२१ चा आहे की अशा वेळी पोलिसांऐवजी आरोग्याची माणसं पाठवा. कॅल्युमेट सिटीत पोलिसांच्या गोळीने गेलेल्या पंधरा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाच्या नावाने तो आहे. त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

म्हणून बजेटचा प्रश्न आज आहे. मानसिक आरोग्यावर मागच्या काही वर्षांत जो खर्च वाढला त्यात केंद्र सरकारच्या करोना मदतीचा मोठा वाटा होता, आणि ते पैसे २०२६ अखेरपर्यंतच वापरायचे आहेत. २०२५ च्या जुलैत सही झालेल्या कायद्याने मेडिकेडवर असलेल्या अनेकांना कामाचे तास दाखवायची अट येतेय. नैराश्यात बुडालेल्या माणसाला दर काही महिन्यांनी फॉर्म भरून "मी काम करतो" सिद्ध करायला लावणं म्हणजे काय, ते ज्याने अशा माणसाचं साधं वीजबिल त्याच्याकडून भरून घेतलंय त्यालाच कळेल. मेडिकेड गेलेली ही माणसं कुठे जाणार? त्याच क्लिनिकांत. आणि नेमकी त्याच वेळी ग्रुपवर चर्चा की ही आपल्या काय कामाची.

आता थोडं आपल्याबद्दल.

मी लहान असताना आमच्याकडे कुणी जरा विचित्र वागलं की म्हणायचे, "याला येरवड्याला भरती करा." मुंबईकडचे म्हणायचे ठाण्याला. शिकागोत याचंच भावंड आहे. जुने लोक पोरांना धमकी द्यायचे, "डनिंगला पाठवीन." डनिंग म्हणजे वायव्येकडचा भाग, तिथे एकोणिसाव्या शतकात काउंटीचं गरीबखाना आणि वेड्यांचं इस्पितळ होतं. १९८९ मध्ये तिथे बांधकाम करताना जुन्या कबरी निघाल्या. अंदाज आहे की अडतीस हजारांच्या आसपास माणसं तिथे नाव नसताना पुरली आहेत. आज तिथे कॉलेज आहे, दुकानं आहेत, राज्याचं मनोरुग्णालय अजून आहे. मी दोनदा त्या दुकानांत गेलेय, सेलमध्ये स्वेटर घेतलाय. येरवडा काय, डनिंग काय, भीती तीच, की एकदा तिकडे गेलं की माणूस नावानिशी पुसला जातो.

ही भीती आपण सामानात बांधून आणलीय. नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "रेकॉर्डवर येईल." ग्रीन कार्डला अडचण येईल, कंपनीला कळेल. तेव्हा स्पष्ट लिहिते. नैराश्यावर किंवा एन्झायटीवर उपचार घेतले एवढ्यावरून ग्रीन कार्ड नाकारलं जात नाही. तिथल्या मेडिकलमध्ये बघतात ते आजारातून कुणाला इजा होईल असं वागणं आहे का हे. आणि तुमच्या थेरपिस्टकडून तुमच्या कंपनीला तुमचं रेकॉर्ड परस्पर मिळत नाही, तसा कायदा आहे. शंका असेल तर वकिलाला विचारा, पण "ऐकलंय" म्हणून उपचार टाळू नका.

दुसरी अडचण भाषेची, आणि ही मला खरंच मोठी वाटते. नवरा पंचवीस वर्षं इंग्रजीत काम करतो. पहिल्या दोन गुरुवारी तो "आय ॲम फाइन, जस्ट स्ट्रेस" याच्या पुढे गेला नाही. त्यांच्याकडे एक प्रश्नावली असते, गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती वेळा वाटलं, शून्य ते तीन. त्याने सगळीकडे एक लिहिलं, ऑफिसच्या अप्रेझलसारखं. तिसऱ्या वेळी मी आत गेले. समुपदेशक बाईंनी विचारलं, घरी तुम्ही याला काय म्हणता? मी म्हटलं, घालमेल. याचं इंग्रजी काय सांगू? शेवटी मी ताक घुसळल्याचे हात केले, छातीपाशी. तिने ते वहीत लिहून घेतलं, मराठी शब्दासकट, आणि पुढच्या वेळी विचारलं, "हाउ इज द घालमेल?" तो हसला. मग बोलला. जीव टांगणीला लागणं, पोटात खड्डा पडणं, मन खाणं, डोकं जड होणं, हे सगळं आपण शरीराच्या भाषेत बोलतो आणि इथला फॉर्म विचारतो "डू यू फील डिप्रेस्ड". आपण खरं बोलून "नो" लिहितो.

बरेचजण पुण्या-मुंबईतल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलतात. साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक सांभाळत का होईना, मराठीत बोलता येतं. मला समजतं ते. पण इथलं लायसन्स पेशंट जिथे बसलाय त्या राज्याचं लागतं, तिकडून औषध लिहून मिळणार नाही, आणि रात्री दोनला काही झालं तर ते माणूस आठ हजार मैलांवर. हल्ली काही पोरं चॅटबॉटशीच मन मोकळं करतात. इलिनॉयने २०२५ च्या ऑगस्टमध्ये एआयला थेरपी देण्याची बंदी घातली ती उगाच नाही. आपल्यातल्या ज्या मुली इथे सोशल वर्क शिकताहेत (आईबाप "त्यापेक्षा डेटा सायन्स कर" म्हणत असतील), त्यांना मी हात जोडून सांगते, शिका. गणपतीत आपण ढोल-ताशासाठी पैसे गोळा करतो, त्यातून एका मुलीची फी भरता येईल का याचा विचार मंडळांनी करावा.

सबर्बमधल्यांसाठी. तुम्ही म्हणाल, आम्ही नेपरव्हिल-ऑरोराला, शहराच्या क्लिनिकशी आमचा काय संबंध. क्लिनिक शहरात राहणाऱ्यांसाठीच आहे, बरोबर. पण इलिनॉयच्या कायद्यात सोय आहे की काउंटी किंवा टाउनशिपच्या मतदारांनी ठरवलं तर मानसिक आरोग्यासाठी स्थानिक मंडळ आणि त्यासाठी थोडा कर लावता येतो. विल काउंटीच्या मतदारांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हे मंजूर केलं. म्हणजे प्लेनफिल्ड-बोलिंगब्रुकमधल्या तुमच्यापैकी जे नागरिक झालेत त्यांच्या मतपत्रिकेवर ते होतं. कितीजणांनी वाचलं होतं? आमच्या इथल्या लोकांनी २०१२ मध्ये, सहा क्लिनिकं बंद झाली त्याच वर्षी, मतदान करून स्वतःवर कर लावून घेतला आणि त्यातून २०१४ मध्ये केडझी सेंटर उभं राहिलं. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. मत द्यायचा हक्क मला नाही, पण त्या शेजाऱ्यांनी माझ्यासाठी दिलेलं मत माझ्या उपयोगी येऊ शकतं.

मत नसलं तरी बोलता येतं. शिकागोच्या बजेटवर सिटी हॉलमध्ये सुनावणी होते, तिथे नाव नोंदवून कुणीही बोलू शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत. मी नाव देणार आहे. मागायचं एवढंच आहे, की आहेत ती क्लिनिकं चालू ठेवा, त्यात डॉक्टर भरा, 'केअर'ची गाडी रात्रीही फिरू दे, आणि डेव्हनवर, गुरुद्वाऱ्यात, देवळात, मशिदीत या क्लिनिकांच्या पाट्या लावा. हिंदी, गुजराती, उर्दू, जमलं तर मराठीतही. पाटीचं भाषांतर मी फुकट करून देते.

ज्यांना आत्ता, आजच गरज आहे त्यांनी सुनावणीची वाट बघू नका. ९८८ फिरवा किंवा मेसेज करा, कुठल्याही वेळी. फोनवर दुभाषी मागता येतो. शहरात राहत असाल तर आरोग्य खात्याच्या क्लिनिकला फोन करा. एकट्याने जायला नको वाटत असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, मी गुरुवारी मोकळी असते आणि ते आवार मला पाठ आहे.

सुनावणीची तारीख कळली की खाली कमेंटमध्ये टाकेन. मी किंबॉलहून सव्वाआठची ब्राउन लाइन घेणार, पहिल्या डब्यात. नवराही येतोय. अंगठा दिलेल्या अठरांपैकी कुणी आलं तर डबा माझ्याकडून.